मृगाच्या आत परत



या पानावर मी फवारणी, ठिबक, वेचणी, भाव याच्या नोंदी टाकतो. आजची नोंद शेतातली नाही, पण शेताला सोडून पण नाही. आम्हा नवरा-बायकोला अमेरिकेचा व्हिसा मिळाला. जानेवारीच्या शेवटी पोरीकडे जायचं, मे महिना संपायच्या आत परत. हे कळल्यापासून रोज फोन येताहेत. एजंट कोण होता, बँकेत किती दाखवले, काय सांगितलं म्हणजे देतात? एकेकाला सांगण्यापेक्षा इथंच लिहितो. आपल्या जामनेर तालुक्यात आता पुष्कळ घरची पोरं बाहेरच्या देशात आहेत, मायबापांवर ही वेळ येणारच.

आधी सांगतो, हा व्हिसा आम्हाला दुसऱ्या खेपेला मिळाला. पहिल्या खेपेला नाकारला होता. आणि तो का नाकारला ही गोष्ट जास्त कामाची आहे.

2019 ची गोष्ट. पोरगी टेक्सासमध्ये, डॅलसजवळ. जावई कंपनीत नोकरीला. डिसेंबरात पोरीचं पहिलं बाळंतपण होतं. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. ती येऊ शकत नव्हती, म्हणून माहेरानेच तिकडं जायचं ठरलं.

मी दहावी पास माणूस. इंग्रजी वाचता येतं ते औषधाच्या बाटलीवरचं. म्हणून एका एजंटाकडं गेलो. नाव घेत नाही. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आप्पा, बाळंतपणाचं नाव काढू नका. सहा महिने पण म्हणू नका. शेतकरी माणूस सहा महिने राहतो म्हटलं की त्यांना संशय येतो. पंधरा दिवस फिरायला चाललो, डिस्नेलँड पाहायला, असं लिहू." मी म्हटलं, तुमचा रोजचा धंदा आहे, तुम्हाला कळतं. फॉर्म त्याने भरला, मी खाली काय लिहिलंय ते वाचलं पण नाही. कीटकनाशकाच्या बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय पंपात टाकू नका असं मी इथं दहा वेळा लिहिलंय. आणि स्वतःच्या सहीचा कागद मात्र न वाचता दिला.

तेव्हा आपली पी.जे. चालू होती. जामनेरहून पाचोऱ्याला छोट्या गाडीने, तिथून रात्रीच्या गाडीने मुंबई. वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेची वकिलात आहे. मोबाईल, पिशवी काही आत नेता येत नाही, फक्त कागदाची फाईल. मी ती फाईल छातीशी धरून उभा. सातबारा, आठ-अ, सोसायटीचं खातं, जिनिंगच्या पावत्या, घराचा उतारा, सगळं होतं. आत खिडक्या आहेत, बँकेत असतात तशा. काचेमागं साहेब, बाजूला मराठी बोलणारी दुभाषी बाई. मराठीत बोलता येतं, ही सोय चांगली आहे.

साहेबांनी माझ्याकडं न बघता बायकोला विचारलं, किती दिवस राहणार?

बायको म्हणाली, "सहा महिने राहू. पोरीचं बाळंतपण करू, लेकराले तेलपाणी करू, मंग येऊ."

फॉर्मवर पंधरा दिवस. फॉर्मवर डिस्नेलँड.

साहेबांनी कॉम्प्युटरवर पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, अजून एक-दोन प्रश्न केले. मी मधेच बोलायला गेलो ते आणखी फसलं. दोन-तीन मिनिटांत पासपोर्ट परत हातात आणि सोबत एक छापील कागद. त्यावर कलम 214 (ब). फाईल कोणी उघडून पण पाहिली नाही.

त्या कलमाचा अर्थ मला पुढं जावयाने समजावून दिला. अमेरिकेचा कायदा असं धरून चालतो की पाहुणा म्हणून येणारा प्रत्येक माणूस तिथं कायमचा राहायलाच येतो आहे. तसं नाही, मी परत जाणार आहे, हे पटवून द्यायचं काम आपलं. म्हणजे कोर्टाच्या उलट. त्यावर अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पण पुन्हा सगळी फी. तेव्हा माणशी 160 डॉलर होती, दोघांचे मिळून 23 हजारांच्या आसपास गेले. ते परत मिळत नाहीत.

आता जी गोष्ट लिहितो ती लिहायला मला पाच वर्षं लागली. परतीच्या गाडीत मी बायकोला खूप बोललो. तुला गप्प बसता येत नव्हतं का, तुझ्या तोंडामुळे गेलं, असं सगळ्या डब्यासमोर. ती खिडकीकडं तोंड करून बसली. एकदाच म्हणाली, "मी खोटं काय बोलली?" मी त्यावर पण ओरडलो. डिसेंबरात नात झाली, ती आम्ही फोनवर पाहिली. पुढं मार्चमध्ये कोरोना आला, सगळंच बंद पडलं. पी.जे. पण तेव्हाच थांबली. 2022 ला पोरगी तीन आठवडे येऊन गेली. नात अडीच वर्षांची, आमच्या अंगावर यायला लाजत होती. ओळख व्हायला लागली तेवढ्यात त्यांची जायची तारीख आली.

बायकोने त्या पाच वर्षांत एकदा पण विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

2023 च्या ऑक्टोबरात पुन्हा अर्ज केला. या वेळी एजंट नाही. पोरीने तिकडून आणि पुतण्याने इकडून, व्हिडिओ कॉलवर चार रात्री बसून फॉर्म भरला. त्या फॉर्मला डीएस-160 म्हणतात, सगळा ऑनलाईन. पुतण्या प्रत्येक प्रश्न मराठीत वाचायचा, मी उत्तर द्यायचो, तेच लिहायचं. जे शिकलो ते मुद्द्याने सांगतो.

पासपोर्ट. जळगावच्या पोस्टातल्या केंद्रात काम होतं, साध्या पासपोर्टची फी 1500 रुपये. पोलीस पडताळणी गावात येते. खरी अडचण नावाची. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, बँकेत तिसरं. हे आधी एक करून घ्या, त्यात महिने जातात. दहावीचं सर्टिफिकेट जोडा. दहावी पास माणसाच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा शेरा येत नाही. तो शेरा काही ठरावीक देशांत, जास्त करून आखाती, कामाला जाणाऱ्यांसाठी असतो. माझ्या बायकोच्या पासपोर्टवर तो होता. कोणी घाबरवलं तर घाबरू नका, पाहुणा म्हणून जायला तो आड येत नाही. मला मात्र इतक्या वर्षांनी दहावी पास झाल्याचा पहिला सरकारी फायदा दिसला.

आधीचा नकार. फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे, तुम्हाला कधी व्हिसा नाकारला का? काही जण म्हणाले, नाही लिहा, कोण बघतं. अहो, त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये आहे ते. आम्ही 'हो' लिहिलं. तारीख लिहिली. फॉर्म दुसऱ्याने भरला होता आणि मुक्कामाचे दिवस चुकीचे लिहिले होते, हे पण लिहिलं.

सोशल मीडिया. मागच्या पाच वर्षांत कोणती पानं वापरली ते विचारतात. म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय ते हे पान पण मी फॉर्मवर लिहिलं आहे. एखाद्या साहेबाने उघडून पाहिलं असेल तर त्याला पातेगळीची बरीच माहिती मिळाली असेल.

कमाईचा पुरावा. शेतीचं उत्पन्न आयकराला माफ, म्हणून आपल्यातल्या बहुतेकांकडं रिटर्न नसतं. त्याने अडत नाही. सातबारा, आठ-अ, कापूस विक्रीच्या पावत्या, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, असेल ते खरं न्या. बँकेत उसने पैसे आणून फुगवून दाखवू नका. कपाशीवाल्याच्या खात्यात दिवाळीनंतर पैसे येतात आणि जूनपर्यंत संपतात, ते तसंच दिसू द्या. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याला हमीभाव 7521 होता आणि खेडा खरेदीवाला त्याच्या खालीच मागत होता, तेव्हा फुगवायला होतं काय म्हणा. तिकिटं जावई काढणार, तेच फॉर्मवर लिहिलं.

फी आणि तारीख. फी या खेपेला माणशी 185 डॉलर होती, जून 2023 पासून वाढलेली. आमचे दोघांचे 31 हजारांच्या आसपास गेले. मुलाखतीची तारीख मिळाली ती थेट नोव्हेंबर 2024 ची. एक आख्खा खरीप मधे गेला. म्हणून ज्याला जायचं त्याने वर्षभर आधी सुरुवात करावी. बाळंतपण ठरल्यावर अर्ज करायला गेलं तर लेकरू चालायला लागेल.

बोटांचे ठसे. मुलाखतीच्या आधी वेगळ्या केंद्रावर फोटो आणि दहाही बोटांचे ठसे घेतात. आमची तारीख दिवाळीनंतरच्या आठवड्यात, म्हणजे ऐन वेचणीत. बोंडाच्या कोरड्या टोकांनी बायकोच्या बोटांची पेरं फाटलेली. मशीन तीन वेळा ठसा घेईना. पीएम किसानच्या केवायसीला होतं तेच. तिथल्या पोराने हात पुसून दाबून धरले तेव्हा आले. तुम्ही जाणार असाल तर आठ दिवस आधी वेचणी, खत, सिमेंट बंद ठेवा, रात्री हाताला तेल लावा. फोटो काढताना चष्मा चालत नाही.

आता मुख्य गोष्ट. या वेळी काय सांगायचं, हे आम्ही ठरवायला बसलो तेव्हा मला कळलं की उत्तर तर माझ्याच वहीत आहे.

तुम्हाला आठवत असेल, 2017 ला गुलाबी बोंडअळीने आपलं काय केलं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी. तेव्हापासून मी फरदड घेणं बंद केलं. डिसेंबर-जानेवारीत शेवटची वेचणी, लगेच पऱ्हाट्या काढून शेत मोकळं. हरभऱ्याचा तुकडा असतो तो फेब्रुवारीत निघतो. आणि कृषी विभाग सांगतो तसं 1 जूनच्या आधी कपाशी लावायची नाही, पाण्याची कितीही सोय असली तरी. मधले चार-पाच महिने अळीला खायला काही मिळू नये, हा त्यातला मुद्दा.

म्हणजे जानेवारीअखेर ते मेअखेर माझ्या शेतात कपाशी नसते. तेवढाच माझा मोकळा वेळ. सहा महिने नाही, पंधरा दिवस पण नाही. चार महिने. फॉर्मवर आम्ही तेच लिहिलं.

वकिलातीत पुन्हा तीच खिडकी नव्हती, पण तशीच होती. या वेळी एक बाईसाहेब. शेजारी दुभाषी. गाडीत मी बायकोला एवढंच म्हटलं होतं, "तुला जे विचारतील त्याचं तूच सांग. मी मधे बोलणार नाही." तिने माझ्याकडं पाहिलं, काही बोलली नाही.

विचारलं, कशाला जाता?

बायको म्हणाली, "नात पाच वर्षाची व्हईन. तिले भेटाले."

किती दिवस?

"चार महिने. मे महिन्यात येऊ."

चारच का? पोरगी तिथं आहे, राहावंसं वाटेल.

"वाटीन ना. पण मृगाच्या आत यावं लागते. कपाशी लावायची."

दुभाषी बाई 'मृग' शब्दापाशी अडकली. मला वाटतं ती शहरातली होती. बायकोनेच समजावलं, "जूनचा पहिला पाऊस. तवा घरधनी शेतात नसला तर वरीस गेलं." ते इंग्रजीत कसं गेलं मला माहीत नाही. बाईसाहेबांनी मला एकच प्रश्न केला, मागच्या वेळी नाकारलं होतं, तेव्हा काय झालं? मी म्हटलं, "फॉर्मवर चुकीचं लिहिलं होतं. हिने खरं सांगितलं. चूक माझी, मी फॉर्म वाचला नव्हता."

बाईसाहेबांनी पासपोर्ट ठेवून घेतले. ठेवून घेतले म्हणजे मिळाला. फाईल या वेळी पण कोणी उघडली नाही.

बाहेर येऊन एका झाडाखाली चहा घेतला. मी बायकोला म्हटलं, "तेव्हा गाडीत बोललो ते चुकलंच माझं." ती म्हणाली, "चहा थंड व्हऊन राहिला." बस, एवढंच. पण परतीला ती माझ्याकडं तोंड करून बसली होती.

व्हिसा दहा वर्षांचा लागला. यात एक गल्लत पुष्कळ लोक करतात. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहायची परवानगी नाही. तो दारापर्यंत जायचा कागद आहे. आत किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिन्यांपर्यंत देतात. ती तारीख ओलांडायची नाही. सहा महिन्यांवर जास्त राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं बंदी, वर्षावर राहिलं तर दहा वर्षं.

आता सामानाचं. पोरीने भरताच्या वांग्याचं बी मागितलं आहे. तिकडची वांगी म्हणे भाजली तर पाणी सुटतं. बायकोने घरचं बी पुडीत बांधून ठेवलं होतं. मी ती पुडी परत फडताळात ठेवली. बियाणं परदेशात न्यायचं तर रोग-कीड नसल्याचं सरकारी फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं. तिथं उतरल्यावर विचारतात, शेतात जाऊन आलात का, बी, रोप, माती आणली का. शेतात जाऊन आलात का या प्रश्नाला आमचं उत्तर हो, हेच लिहिणार. चपला-बूट धुऊन नेणार, मातीचा कण नको.

बायको म्हणाली, चिमूटभर बियाने काय होतं? तिला मी बोंडअळीचीच गोष्ट सांगितली. ही अळी आपल्याच देशातली असं पुष्कळ जण मानतात. साँडर्स नावाच्या इंग्रजाने 1843 मध्ये तिची पहिली शास्त्रीय नोंद केली ती भडोचकडच्या कपाशीवरून. पुढं सरकीतून देशोदेशी गेली. इजिप्तमधून मेक्सिको, आणि 1917 ला टेक्सासमध्ये सापडली. तिला कोणी व्हिसा विचारला नाही. तिला काढायला त्यांना शंभर वर्षं लागली. बीटी, नपुंसक पतंग सोडणं, कामगंध, पऱ्हाट्या वेळेवर गाडणं, सगळ्यांनी एकदम केलं. ऑक्टोबर 2018 मध्ये त्यांच्या कृषी खात्याने जाहीर केलं की आमच्या कापूस पट्ट्यातून ती संपली. आपल्याकडं मात्र ती अजून प्रत्येक बोंडात वाट बघतेय. एवढं कष्टाने साफ केलेल्या घरात पाहुणा म्हणून जायचं तर पाय धुऊनच जायला पाहिजे. लबकच्या बाजूला मैलोगणती कपाशी असते म्हणतात. जावईबापूंनी एक दिवस दाखवायचं कबूल केलंय. तो हंगाम पेरणीच्या आधीचा असेल, पण जमीन आणि औजारं तर दिसतील. त्याची नोंद इथं टाकेनच.

गावी शेत पुतण्या बघणार. हरभरा काढणं, पऱ्हाट्या, नांगरट, गाय, सगळं वहीत लिहून दिलं आहे. तीस वर्षांत मी सलग आठ दिवसांवर शेत सोडलेलं नाही. तिकडं झोप लागेल का, हे मलाच माहीत नाही.

एक शेवटचं. पहूरवरून अजिंठ्याला जाणारे परदेशी पाहुणे मी लहानपणापासून पाहतो आहे. ते परत जाणार, हे आपण गृहीतच धरतो. आम्हाला मात्र दोनदा विचारलं, परत जाल ना? पहिल्यांदा मला त्याचा राग आला होता. आता नाही. परत यायला जागा आहे म्हणूनच तर उत्तर देता आलं. पोरगी 2017 ला गेली तेव्हा मुंबईच्या विमानतळावर मी तिला पोचवायला गेलो होतो. लोणच्याची बरणी नीट बांधली का, तेवढं विचारलं. परत येशील का, ते मी विचारलं नाही. या खेपेला चार महिने हातात आहेत. बघू.

शेवटची वेचणी 10 जानेवारीपर्यंत उरकायची आहे. ज्यांच्या पऱ्हाट्या उभ्या राहणार असतील त्यांनी या वर्षी तरी फरदडीचा मोह सोडा.

मृगाच्या आत भेटू. रामराम.